भोपाळ ते मुंबई : कोसांचा आणि तासांचा हिशेब

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला त्याचे गाव किंवा आजोळ किती दूर आहे असे विचारले, तर तो सहसा किलोमीटर सांगत नाही. "एका रात्रीचा प्रवास," असे तो म्हणतो. भोपाळच्या मराठी घरांतून तर हे मोजमाप इतके रुळलेले आहे की मुलांनाही दुसरे ठाऊक नसते. डबा बांधून गाडीत बसावे, इटारसीला चहा प्यावा, झोपेतच खानदेश ओलांडावा आणि उजाडता उजाडता कसाऱ्याचा घाट उतरावा, हे आमचे मुंबईचे अंतर. अलीकडे या मोजमापाशेजारी दुसरे येऊन बसले आहे. "विमानाने दीड तास," असे आता सहज बोलले जाते. या दोन मापांपैकी कोणते कितपत खरे आहे, याचा हिशेब प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा विचार आहे.

हा हिशेब नुसत्या हौसेचा नाही. वृद्ध आईवडील एका शहरी आणि कर्ती मुले दुसऱ्या शहरी, अशी स्थिती आज घरोघरी आहे. रात्री-अपरात्री दूरध्वनी येतो आणि पलीकडून एकच प्रश्न विचारला जातो : "केव्हा पोचशील?" त्या प्रश्नाच्या उत्तरावर रुग्णालयातील निर्णय अवलंबून असतात, आणि दुर्दैवाने वेळ आलीच तर अंत्यदर्शनासाठी थांबावयाचे की नाही हेही त्यावरच ठरते. उत्तर चुकीचे दिले गेले तर तिकडची माणसे खोळंबतात आणि इकडचा माणूस वाटेत तळमळत राहतो. म्हणून खरे अंतर माहीत असणे हा संसारातला एक आवश्यक भाग आहे.

एकाच वाटेची तीन अंतरे

भोपाळ आणि मुंबई यांच्या अक्षांश-रेखांशांवरून सरळ रेषेचे अंतर काढले तर ते सुमारे ६६० किलोमीटर भरते. पक्ष्याच्या उड्डाणाचे ते हे अंतर. इंदूर, धुळे, नाशिक या वाटेने मोटारीतून गेल्यास सुमारे ७८० किलोमीटर पडतात. रेल्वेने मात्र भोपाळ ते मुंबई ८३७ किलोमीटर होतात. म्हणजे आगगाडीचा उतारू सरळ रेषेपेक्षा पावणेदोनशे किलोमीटर अधिक चालतो.

हा वळसा नकाशावर पाहण्यासारखा आहे. मुंबई भोपाळच्या नैर्ऋत्येस आहे. पण मुंबईची गाडी भोपाळहून निघाली की प्रथम दक्षिणेकडे आणि थोडी पूर्वेकडेच झुकत इटारसीस जाते. बरखेडा-बुधनीच्या रानातून विंध्य उतरावयाचा, नर्मदा ओलांडावयाची, आणि असे ९२ किलोमीटर गेल्यावर इटारसीला पश्चिमेची वाट धरावयाची. पुढे खांडवा, बऱ्हाणपूर, भुसावळ, मनमाड, नाशिक. सातपुड्यातून वाट काढताना खांडवा-बऱ्हाणपूरच्या दरम्यान असीरगडाचा डोंगर दिसतो. दक्षिणेचे द्वार म्हणून ज्या किल्ल्याची ख्याती, त्याच्या पायथ्याजवळूनच आपली गाडी जाते. परंतु तेव्हा बहुतेक उतारू निद्राधीन असतात.

वळसा का पडला

या वळशाचे कारण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या इतिहासात आहे. मुंबईहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग भोपाळसाठी टाकलेला नव्हताच. त्याला कलकत्त्याकडे जावयाचे होते. नर्मदेच्या खोऱ्याने तो पूर्वेकडे गेला आणि मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेस मिळाला. भोपाळ त्या वाटेच्या उत्तरेस, विंध्याच्या माथ्यावर, एकटेच राहिले. पुढे शाहजहान बेगम यांच्या कारकिर्दीत भोपाळ संस्थानाने रेल्वेसाठी द्रव्यसाहाय्य केले आणि १८८४ मध्ये इटारसी ते भोपाळ हा मार्ग सुरू झाला. १८८९ मध्ये तो झाशीपर्यंत गेला. अशा रीतीने आधीपासून असलेल्या मोठ्या वाटेला भोपाळची वाट येऊन मिळाली. ती जेथे मिळाली तेथूनच आपण आजही वळतो.

याच मार्गावरून १ जून १९१२ पासून पंजाब मेल धावू लागली. तेव्हा ती मुंबईहून पेशावरपर्यंत जाई; फाळणीनंतर तिचा शेवटचा मुक्काम फिरोजपूर झाला. शंभर वर्षे उलटून गेली तरी भोपाळच्या मराठी माणसाच्या बोलण्यात 'मेल' म्हटले की हीच गाडी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतून पुष्कळ मराठी कुटुंबे येथे आली. मागोमाग हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यानेही अनेकांना आणले. या सर्वांचे महाराष्ट्राशी नाते ज्या धाग्याने टिकले, तो धागा म्हणजे इटारसीवरून जाणारा हा लोहमार्ग होय.

आज या ८३७ किलोमीटरांस बहुतेक मेल-एक्स्प्रेस गाड्या तेरा ते पंधरा तास घेतात. ताशी सरासरी साठ किलोमीटरांच्या आसपास, असा हा वेग झाला. १९ जानेवारी २०१९ पासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून नाशिक-भोपाळमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी एक्स्प्रेस सुरू झाली. तिने हा वेळ दहा-अकरा तासांवर आणला. पण ती भोपाळला रात्रीच्या आडवेळी येते, हे ध्यानात ठेवावे लागते.

दीड तासातील मिनिटे

आता विमानाकडे वळू. जेट विमान आकाशात स्थिरावले की ताशी सुमारे आठशे किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने ६६० किलोमीटर पन्नास मिनिटांत संपावयास हवेत. मग तिकिटावर दीड तास का लिहिलेला असतो? कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणे, वर चढणे, उतरण्यासाठी वेग कमी करणे, हे सारे त्यात येते. शिवाय विमानेही ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात. नकाशावर पट्टी ठेवून ओढलेल्या रेषेवरून ती जात नाहीत.

मुंबईच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तेथील जुन्या विमानतळावर धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालीत आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते. वेळापत्रक आखताना ही प्रतीक्षाही हिशेबात धरलेली असते.

वाऱ्याचाही यात वाटा आहे. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर, फार उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. मुंबईस जाणारे विमान या वाऱ्याला तोंड देत जाते, तर भोपाळला येणाऱ्याच्या पाठीशी तो असतो. एवढ्या अंतरात फरक पाच-दहा मिनिटांचाच पडतो. परंतु जाण्याचा व येण्याचा वेळ एकसारखा का नसतो, या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

जुन्या वाचकांना इंडियन एअरलाइन्सचे ते विमान आठवत असेल, जे दिल्ली, ग्वाल्हेर, भोपाळ, इंदूर असे टप्पे घेत मुंबई गाठी. त्या काळी विमानप्रवास हा साहेबांचा आणि मंत्र्यांचा समजला जाई. २०११ च्या जूनमध्ये राजा भोज विमानतळाची नवी इमारत उघडली, थेट उड्डाणे वाढली आणि मध्यमवर्गीय मराठी कुटुंबेही त्या दाराने जाऊ-येऊ लागली.

दारापासून दारापर्यंत

प्रवास मात्र विमानतळापासून विमानतळापर्यंत होत नसतो. तो घराच्या उंबरठ्यापासून दुसऱ्या घराच्या उंबरठ्यापर्यंत होतो. एक उदाहरण घेऊ. अरेरा कॉलनीतून एक गृहस्थ डोंबिवलीस बहिणीकडे निघाले आहेत. बैरागढच्या बाजूला असलेल्या विमानतळावर पोचण्यास पाऊण तास धरू. दोन तास आधी हजर राहण्याची सूचना असते, आणि सामान घेणारी खिडकी उड्डाणापूर्वी तासभर आधीच बंद होते. तेव्हा दोन तास तेथे गेले. दीड तास उड्डाण. उतरून सामान हाती येईपर्यंत चाळीस मिनिटे. तेथून डोंबिवलीस दीड तास, तोही वाहतूक कृपाळू असेल तर. बेरीज सव्वासहा ते साडेसहा तास.

तेच गृहस्थ आगगाडीने निघाले तर त्यांना मुंबईपर्यंत जाण्याचे कारणच नाही. या मार्गाच्या बहुतेक गाड्या कल्याणला थांबतात, आणि कल्याण मुंबईच्या ५४ किलोमीटर अलीकडे आहे. स्थानकावर जाणे, प्रतीक्षा, तेरा तासांची गाडी आणि शेवटचा लोकलचा अर्धा तास मिळून साडेचौदा तास होतात. म्हणजे विमानाने वाचतात ते आठ तास. दीड तास आणि चौदा तास यांची वजाबाकी करून जो साडेबारा तासांचा लाभ वाटतो, त्यातील एक तृतीयांश वाटेतच विरून जातो. शिवाय रात्रीच्या गाडीत त्यातले सहा-सात तास झोपेचे असतात, हे निराळेच.

तथापि विमानाचा लाभ खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. आठ तास ही लहान गोष्ट नव्हे; ज्याचा गुडघा चौदा तास बसू देत नाही त्याला तर ती मोठीच आहे. चालणे कठीण असलेल्या वृद्धांसाठी विमान कंपन्या चाकाची खुर्ची व सोबतीला माणूस विनामूल्य देतात. तिकीट काढतानाच तशी मागणी नोंदवावी. आम्ही एवढेच म्हणतो की "दीड तास" हे उत्तर कोणास देऊ नये. "साडेसहा तास" असे सांगावे.

पुढची गाडी केव्हा?

या बेरजेत एक रक्कम अजून धरलेली नाही. तीच पुष्कळदा सर्वांत मोठी असते. ती म्हणजे पुढचे वाहन सुटेपर्यंतचा वेळ. समजा, रात्री आठ वाजता दूरध्वनी आला आणि त्या दिवशीचे मुंबईचे शेवटचे विमान निघून गेलेले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या विमानाने निघणारा माणूस डोंबिवलीस पाऊण वाजता पोचेल. तोच त्या रात्री दहाच्या सुमारास मुंबईकडे जाणाऱ्या एखाद्या गाडीत बसला, तर सकाळी अकराच्या सुमारास कल्याणला उतरेल आणि साडेअकराला घरी असेल. अशा वेळी मंद वाहन शीघ्र ठरते. उलट पहाटे पाचला निरोप आला तर विमानाला तोड नाही.

ऋतूही पाहावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील धुक्यामुळे दिल्ली-पंजाबकडून येणाऱ्या गाड्या भोपाळलाच तासन्‌तास उशिरा येतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या पावसाने विमाने खोळंबतात. वेळेवर जागा मिळण्याचा प्रश्नही आहेच. तत्काळचे आरक्षण गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी उघडते. त्यामुळे त्याच दिवशी निघावयाचे असल्यास त्याचा उपयोग बहुधा होत नाही. तक्ता तयार झाल्यावर उरलेल्या जागा चालू आरक्षणात मिळतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पूर्वी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. पेशवाईत, १७३७ च्या डिसेंबरात, बाजीरावांनी याच भोपाळपाशी निजामास कोंडले. त्या काळी येथून पुण्याची वाट पायी चालणाऱ्याने दिवसाला आठ कोस, म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटर, काटले तरी ती महिन्याभराची झाली. एवढ्या दूरच्या मुलासाठी कोणी थांबत नसे. थांबणे शक्यच नव्हते. आगगाडी आणि तार आली तेव्हा एका रात्रीचा हिशेब आला. तार पोचण्यास काही तास, मग गाडी मिळण्यास काही तास, मग ती रात्र; आणि घरातील वडीलधारी माणसे तेवढे धरून निर्णय घेत. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली. आता निरोप क्षणात पोचतो, आणि म्हणूनच माणूसही क्षणात पोचेल अशी अपेक्षा नकळत निर्माण झाली आहे. निरोपाचा वेग आणि माणसाचा वेग यांत आज जेवढे अंतर पडले आहे, तेवढे पूर्वी कधी नव्हते. आप्तांच्या मनात राहून जाणारा "वेळेवर आला नाही" हा सल पुष्कळदा या अंतरातूनच येतो. त्यात येणाऱ्याचा दोष असतोच असे नाही.

इतर गावांचा विचार

सर्वांचे गाव मुंबई नसते. नागपूर भोपाळहून रेल्वेने ३९० किलोमीटर आहे आणि भुसावळही जवळजवळ तेवढेच, सुमारे ३९३ किलोमीटर. वैदर्भीय आणि खानदेशी या दोघांनाही भोपाळने सारखेच अंतर दिले आहे, ही मौजेची गोष्ट. नागपूरला ऑक्टोबर २०२३ पासून वंदे भारत गाडी सुमारे साडेपाच तासांत पोचविते. तेथे विमानाचा विचारही करू नये. पुण्याला इटारसी, मनमाड, दौंडमार्गे सुमारे ८९० किलोमीटर व पंधरा-सोळा तास पडतात. सरळ रेषेने मात्र पुणे मुंबईपेक्षा किंचित जवळच, सुमारे ६४३ किलोमीटरांवर आहे. विमानाचा सर्वांत मोठा लाभ म्हणूनच पुणेकरांना. नाशिक, जळगाव, कल्याण या वाटेवरच्या गावांना गाडीच बरी.

मुंबईला विमानाने जाणाऱ्यांनी आता आणखी एक गोष्ट पाहावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले. पनवेल-नेरुळकडे जाणाऱ्यास तो सोयीचा आणि बोरिवलीकडे जाणाऱ्यास गैरसोयीचा. विमान कोणत्या विमानतळावर उतरणार, हे तिकीट घेण्यापूर्वीच वाचावे.

वेग आला तर

युरोपातील एक दाखला येथे उद्‌बोधक वाटतो. स्पेनमधील माद्रिद आणि बार्सिलोना ही शहरे सरळ रेषेने सुमारे पाचशे किलोमीटर दूर. १९७४ पासून त्यांच्या दरम्यान आगबोटीच्या फेऱ्यांसारखी विमाने धावत. २००८ च्या फेब्रुवारीत ६२१ किलोमीटरांचा अतिवेगवान लोहमार्ग पूर्ण झाला आणि अडीच तासांत गाडी पोचू लागली. विमानाचे उड्डाण त्याहून कमी वेळाचे असूनही बहुसंख्य उतारू गाडीकडे वळले. कारण गाडी शहराच्या मध्यातून निघून शहराच्या मध्यात पोचते. तेथील लोकांनीही दारापासून दारापर्यंतचाच हिशेब केला.

आपल्याकडे मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरांच्या नव्या मार्गास केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. रतलाम-बडोदामार्गे आज सुमारे ८३० किलोमीटर पडणारी मुंबई इंदूरकरांना त्यामुळे सुमारे ५७० किलोमीटरांवर येईल. भोपाळकरांना मात्र इंदूरपर्यंतचे अंतर त्यात मिळवावे लागणार. म्हणून आपला लाभ थोडाच. आपली सुटका अंतर कमी होण्यात नसून इटारसीच्या वाटेवर वेग वाढण्यात आहे.

तोपर्यंत प्रत्येक घरी एक साधी गोष्ट करता येईल. पंचांग जेथे टांगलेले असते तेथेच एक कागद लावावा. आपल्या आप्तांचे गाव, त्याचे सर्वांत जवळचे स्थानक आणि विमानतळ, भोपाळहून तिकडे जाणाऱ्या गाड्यांच्या व विमानांच्या वेळा, आणि शेवटी दारापासून दारापर्यंतचे तास, एवढे त्यावर लिहावे. वेळापत्रक बदलले की कागद बदलावा. तिकडच्या घरीही त्याची एक प्रत असू द्यावी, म्हणजे प्रसंग येईल तेव्हा "केव्हा पोचशील?" हे विचारण्याआधीच त्यांना उत्तर ठाऊक असेल. आणि प्रसंग नसताना तो कागद पाहून एखादा सहा तासांचा किंवा एका रात्रीचा प्रवास नुसताच भेटीसाठी केला गेला, तर या हिशेबाचे त्याहून मोठे सार्थक आम्हांस दिसत नाही.